‘नको’ फोल्डरमधले फोटो

मंगळवारी सकाळी सव्वासातला माझी पत्नी स्वयंपाकघरात पडली. दूध गॅसवर होतं. मी गॅस बंद केला आणि शेजाऱ्यांना हाक मारली. नऊ वाजून दहा मिनिटांनी इस्पितळात सांगितलं, त्या गेल्या. चार वाजता आम्ही स्मशानात होतो. त्या आठवड्याच्या रविवारी तिच्या फोटोच्या गटाची बैठक होती. ती झाली नाही.

ती शाळेत गणित शिकवायची. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. रत्नागिरीत ती ‘बाई’ आणि मी ‘सर’, जरी मी आयुष्यात एकही तास घेतला नाही. निवृत्त झाली त्या महिन्यात तिनं कॅमेरा घेतला. मला वाटलं, वर्षभरात कपाटात जाईल. अकरा वर्षं तो तिच्या खांद्याला होता.

तिला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून फोटोला जायचं तर मी न्यायचं. सकाळी मिरकरवाड्याला होड्या लागताना, भर उन्हात चिऱ्याच्या खाणीत, भाद्रपदात फुलांनी भरलेल्या कातळाच्या सड्यावर. ती फोटो काढायची, मी स्कूटर सावलीत लावून पुस्तक वाचायचो. ती जेमतेम पाच फूट, मी सहा फूट. तिचे जुने विद्यार्थी म्हणायचे की आम्ही लांबूनच ओळखू येतो, कारण स्कूटरवर एकटाच माणूस बसल्यासारखा दिसतो आणि त्याच्या पाठीमागून पदर उडत असतो.

गटाची बैठक एक रविवार आड करून सकाळी दहाला व्हायची. जागा म्हणजे एका दंतवैद्यांच्या दवाखान्यातली बाहेरची खोली. डॉक्टर स्वतः गटात होते. रविवारी दवाखाना बंद, खुर्च्या रिकाम्या, आणि भिंतीवरच्या ज्या टीव्हीवर आठवडाभर दात घासायची पद्धत दाखवतात त्याच टीव्हीवर आमचे फोटो. आमचे म्हणजे त्यांचे. मी कोपऱ्यात माझं पुस्तक घेऊन बसायचो. माझं वाचन होत होतं असं मी सांगत असे. खरं म्हणजे निम्मा वेळ मी ऐकत असे.

सुरुवातीला तिथेही फोनवरच्या ग्रुपसारखंच चालायचं. कुणीही काहीही दाखवलं की छान, अप्रतिम, क्या बात. भाट्याच्या किनाऱ्यावरचा सूर्यास्त दर बैठकीला एकदा बुडायचा आणि दर वेळी अप्रतिम बुडायचा. दुसऱ्या की तिसऱ्या बैठकीनंतर बायको घरी येऊन म्हणाली, “वही न तपासता सगळ्यांना पैकीच्या पैकी देतायत. अशानं कुणी शिकतं का?”

मग तिनं एक पद्धत बसवली. फोटो लागला की एक मिनिट कुणी बोलायचं नाही. डॉक्टरांच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघायचा. मग एकेकानं सांगायचं की डोळा फोटोत कुठून शिरला, कुठे थांबला, कुठून बाहेर पडला. त्यानंतर, फोटोतली कुठली एक गोष्ट जमली आहे ते जागेवर बोट ठेवून सांगायचं. मग दोष, तोही एकच, आणि त्याच्यासोबत उपाय. “उत्तर चुकलं एवढं सांगू नका,” ती म्हणायची. “कुठल्या पायरीला चुकलं ते सांगा. पायरीचे मार्क असतात.” ‘छान’ हा शब्द बंद. जो छान म्हणेल त्यानं खाली उतरून टपरीवरून सगळ्यांसाठी चहा घेऊन यायचा.

आणि ज्याचा फोटो असेल त्यानं शेवटपर्यंत गप्प बसायचं. पाणी प्यायच्या मशीनजवळ एक खुर्ची होती, तिथे बसायचं आणि ऐकायचं. सगळ्यांचं झालं की त्याला एकच वाक्य बोलता येई. या माणसाला गटात ‘नवरी’ म्हणायचे. मुलगी बघायच्या कार्यक्रमात मुलगी बसते तसा तो खाली मान घालून बसतो आणि लोक त्याच्या नाकाडोळ्याची चर्चा करतात, म्हणून. हे नाव पावसकडच्या एका आंबा बागायतदारांनी पाडलं. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. भरघोस मिशा, पायांत कायम बागेतल्या चपला. ते स्वतः नवरी होऊन बसले की जयगडहून येणारी मुलगी तोंडावर ओढणी धरून हसायची. ही मुलगी जयगडच्या बंदरावर ऑफिसात कामाला आहे. रविवारी स्कूटीवरून एवढ्या लांबून येते आणि सहसा सगळ्यांच्या आधी पोचते.

पद्धत लागू झाल्यावर पहिला फटका भाऊंनाच बसला. त्यांनी आपल्या वडलांचा फोटो आणला होता. वडील बागेतल्या खोपीत, मांगरात, आंबे भरत बसलेत, अंगावर कवडसे. एक मिनिट झालं. दोघे-तिघे बोलले. मग बायको म्हणाली, “डोळा तुमच्या वडलांकडे जातच नाही, भाऊ. उजवीकडे तो पांढरा खांब आहे, तिथे जातो आणि तिथेच बसतो. हा खांबाचा फोटो झालाय. वडील खांबाच्या शेजारी बसलेत.”

भाऊ नवरीच्या खुर्चीवर होते, त्यामुळे गप्प. त्यांचं एक वाक्य बोलायची पाळी आली तेव्हा म्हणाले, “बाई, वडील आहेत ओ माझे.”

“म्हणूनच सांगते. अर्धं पाऊल डावीकडे सरका.”

भाऊ तीन महिने आले नाहीत. चौथ्या महिन्यात आले ते तोच फोटो परत काढून. खांब गेला होता. वडलांचे हात दिसत होते, बोटांना लागलेला आंब्याचा चीक सुद्धा. बायको एक मिनिट बघत राहिली आणि म्हणाली, “आता मार्क कापायला जागा नाही.” भाऊ एवढंच म्हणाले, “छान म्हणायचं असेल तर म्हणा, चहा मी आणतो.” त्यानंतर त्यांनी एकही बैठक चुकवली नाही.

हे मी एवढं सांगतो आहे कारण पुढे जे झालं ते याच पद्धतीवरून झालं.

ती गेल्यावर मी गटाकडे फिरकलो नाही. जायचं काही कारण नव्हतं. आमची मुलगी बंगळुरूहून आली होती, ती बाराव्यानंतर काही दिवस राहून परत गेली. दिवाळीच्या आधी डॉक्टर आणि जयगडची मुलगी घरी आले. डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, बाईंच्या फोटोंचं प्रदर्शन करावं असं सगळ्यांच्या मनात आहे. त्यांच्याच शाळेच्या हॉलमध्ये, वर्षश्राद्धाच्या सुमाराला. मुख्याध्यापकांनी होकार दिला आहे.

मी बायकोची डिस्क त्यांना दिली. त्यांनी ती दवाखान्याच्या संगणकावर उतरवून घेतली आणि आठवड्यानं परत आणून दिली. सगळे फोटो एकत्र करून त्यातले साठ त्यांनी आणि जयगडच्या मुलीनं वेगळे काढले होते. आता गटानं बसून त्यातले चाळीस निवडायचे, असं ठरलं.

त्या रविवारी मी गेलो. खुर्च्या त्याच होत्या. कुणीतरी टेबलावर तिचा फोटो ठेवला होता, हार घातलेला. मला नवरीच्या खुर्चीवर बसवलं, कारण फोटो तिचे आणि तिच्या बाजूचा मी.

पहिला फोटो लागला. मिरकरवाड्याची जेटी, बर्फाच्या पेट्या, मागे समुद्र. समुद्र डावीकडे कललेला. हा फोटो मला माहीत होता. घरी संगणकावर बघताना ती म्हणाली होती, “यातून पाणी सांडेल.” मी तेव्हा हसलो होतो.

एक मिनिट कुणी थांबलं नाही.

“अप्रतिम,” डॉक्टर म्हणाले.

“क्षितिज बघा कसं मुद्दाम तिरकं घेतलंय,” बँकेत असणारे एक सभासद म्हणाले. “समुद्र बेभरवशाचा असतो ना, ते सांगायचंय त्यांना.”

“बाईंची नजरच वेगळी होती.”

दुसरा फोटो, तिसरा फोटो. एकात एका म्हातारीच्या डोक्यातून विजेचा खांब उगवला होता. त्याबद्दल कुणीतरी म्हणालं की जुनं आणि नवं यांचा संबंध दाखवलाय. एकात आकाश सगळं पांढरं जळून गेलं होतं. त्याला रिकामेपण म्हणाले. मी भाऊंकडे बघितलं. पांढऱ्या खांबासाठी तीन महिने घरी बसलेला माणूस. भाऊ म्हणाले, “छान आहे. छान.” चहाला कुणी उतरलं नाही.

चाळीसच्या चाळीस फोटो तासाभरात ठरले. एकाही फोटोला कुणी नाही म्हटलं नाही. साठातले वीस वगळले ते फक्त जागा पुरणार नाही म्हणून. शेवटी माझं एक वाक्य. मी म्हटलं, “तुम्ही एवढं करताय, आभारी आहे.” दोघांचे डोळे भरून आले होते आणि डॉक्टरांनी रविवारची सकाळ दिली होती.

घरी येऊन मी तिचा संगणक उघडला. तिचं काम वहीसारखं होतं. वर्षाचं एक फोल्डर, त्यात महिन्यांचे, आणि प्रत्येक महिन्यात तीन: ‘ठेव’, ‘बघू’, ‘नको’. डॉक्टरांनी सगळे फोटो एकत्र उतरवताना हे तिन्ही मिसळून गेले होते. त्यात त्यांचा दोष नाही, फोल्डर उघडून बघायचं त्यांना सुचलं नसणार. मी निवडलेल्या चाळीस फोटोंची यादी समोर ठेवून एकेक शोधला. ग्रंथालयात तीस वर्षं हेच काम केलं होतं. चाळिसातले चौदा ‘नको’मध्ये होते.

मी ते दोन-तीन दिवस मनात ठेवलं. लोकांना वाटतं, गेलेल्या माणसाचं कौतुक होतंय, आणखी काय पाहिजे. पण अकरा वर्षं ती काय शिकली ते मला माहीत होतं. एका दगडी गडग्यापाशी पाऊण तास उभी राहिलेली मी पाहिली होती. ती कशाला नको म्हणायची, त्यातच तिचं सगळं शिक्षण होतं. आता शाळेच्या हॉलमध्ये तिच्या हाताखालून गेलेली माणसं येणार, ज्यांच्या वह्यांत तिनं चुकलेल्या पायरीला लाल गोल काढला होता, आणि त्यांना बाईंचा कललेला समुद्र दिसणार. एकदाच लागणार होतं हे प्रदर्शन. ती कशी बघायची हे लोकांना एकदाच दिसणार होतं, किंवा कधीच दिसणार नव्हतं.

सरळ सांगायला हवं होतं. डॉक्टरांना फोन करून म्हणायचं, हे चौदा काढा. पण दोन गोष्टी होत्या. एक तर मी कधी फोटो काढलेला माणूस नाही. आणि तिचा प्रत्येक ‘नको’ बरोबर असेल याची मला खात्री नव्हती. ती स्वतःच्या वहीला सगळ्यात कमी मार्क द्यायची. मला यादी द्यायची नव्हती. मला त्यांनी बघायला हवं होतं, पूर्वी बघायचे तसं.

मग मी खोटं बोललो. डॉक्टरांना फोन केला आणि म्हटलं, “मीही थोडे फोटो काढून बघितलेत. पुढच्या बैठकीत दाखवले तर चालेल का?”

डॉक्टरांना इतका आनंद झाला की मला फोन ठेवून द्यावासा वाटला.

मी पाच फोटो घेतले. साठात नसलेले, कुणी न पाहिलेले. तीन ‘नको’मधले, दोन ‘ठेव’मधले.

रविवारी परत नवरीच्या खुर्चीवर बसलो. या वेळी टेबलावर हार नव्हता. भाऊ आत आले आणि म्हणाले, “काय ओ सर, ऐकलं ते खरं काय? पुस्तकातनं डोकं बाहेर काढलंत?”

“काढलं थोडं.”

“बरं केलंत. नवरी नवीन आहे, जरा सांभाळून घ्या रे.”

पहिला फोटो लागला. भाट्याच्या वाळूवर काठ्यांना टांगून वाळत घातलेलं जाळं, मागे दोन माणसं. खोली शांत झाली. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. पुरं एक मिनिट. गेल्या वेळी मला कळलं नव्हतं की मी याची वाट बघत होतो.

जयगडची मुलगी म्हणाली, “काका, डोळा जाळ्यावरून आत जातो. ही रेघ आहे ना, ही मस्त घेऊन जाते. पण डावीकडे ते निळं पिंप आहे. तिथे गेला की परत येत नाही. माणसांपर्यंत पोचतच नाही. दोन पावलं उजवीकडे गेला असतात तर पिंप जाळ्यामागे लपलं असतं.”

“आणि माणसं जरा जवळ आली असती,” डॉक्टर म्हणाले.

“सुरुवातीला असंच होतं सर,” बँकेतले म्हणाले. “आपल्याला जे बघायचंय तेवढंच दिसतं. कॅमेऱ्याला पिंप पण दिसतं.”

मी खाली मान घालून ऐकत होतो. ती असती तर तिनं पेन काढून लिहून घेतलं असतं.

दुसरा फोटो भाजावळीचा. शेतात पातेरा पेटवलाय, धूर. भाऊंनी हात वर केला. “सर, धूर चांगला धरलाय. पण धुराच्या मागे काय आहे तेच कळत नाय. माणूस आहे की गुरं आहेत? थोडा थांबला असतात तर वारा फिरला असता. फिरतोच. आमच्याकडे भाजावळीला नेहमी फिरतो.” मग म्हणाले, “घाई झाली तुमची. ग्रंथालय बंद व्हायची वेळ झाल्यासारखी.”

सगळे हसले. मीही हसलो.

तिसरा फोटो ‘ठेव’मधला होता. पावसकडच्या वाटेवरचा जांभ्याचा गडगा, पावसाळ्यानंतर शेवाळ सुकून तांबडा-काळा झालेला. फोटोत आडवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याच्या वर आकाश. आणि गडग्याच्या कडेवरून गवताचा भारा चाललाय. भारा वाहणारं माणूस दिसत नाही. गडग्यामागे आहे. फक्त गवत, आपलं आपण चालल्यासारखं.

मिनिट झालं. मग मुलगी म्हणाली, “डोळा भाऱ्यावर जातो आणि भाऱ्याबरोबर चालतो.”

भाऊ खुर्चीवरून उठले, टीव्हीजवळ गेले. बोटानं गडग्याची कड दाखवली.

“हा गडगा माझ्या वाटेवरचा आहे,” ते म्हणाले. “रोज जातो मी इथनं. मला हा इथपर्यंत येतो.” त्यांनी हनुवटीला हात लावला. “सर, तुम्हाला छातीपर्यंत येत असेल.”

मी गप्प. नवरीनं बोलायचं नसतं.

“पलीकडची वाट अलीकडच्यापेक्षा खाली नाय. भारा घेऊन जाणारी बाई मला तरी खांद्यापर्यंत दिसते. तुम्हाला तर कमरेपर्यंत दिसेल. सहा फुटांवरून हा फोटो येत नाय.”

“वाकले असतील,” डॉक्टर म्हणाले.

“सर आणि वाकणार? गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं. खुर्चीवरून उठताना देवाचं नाव घेतात.” भाऊंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा आवाज बदलला नाही. “हा पाच फुटांवरून काढलाय. हा बाईंचा आहे.”

पाण्याचं मशीन मध्येच गुरगुरलं. मी म्हटलं, “हो. पाचही तिचेच आहेत.”

मग मला एका वाक्याहून जास्त बोलावं लागलं. तीन फोल्डर सांगितले, चाळिसातले चौदा सांगितले, यातून पाणी सांडेल हेही सांगितलं. मी मोठ्या सभेत कधी बोललेलो नाही, आणि ही मोठी सभाही नव्हती.

डॉक्टरांना राग आला होता. ते सौम्य माणूस आहेत, राग आला की चष्मा पुसतात. “म्हणजे तुम्ही आम्हाला परीक्षेला बसवलंत,” ते म्हणाले. “आम्ही प्रेमानं करत होतो, सर.”

“मला माहीत आहे.”

“मग सांगायचं होतं ना.”

“सांगायला हवं होतं,” मी म्हटलं. ते खरंच होतं. आजही मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटतं.

मुलगी जाळ्याच्या फोटोचाच विचार करत असावी. “मी बाईंच्या फोटोला पिंप म्हटलं,” ती हळूच म्हणाली.

“तो फोटो ‘नको’मध्येच आहे. पिंपामुळेच,” मी म्हटलं. “घरी मला म्हणाली होती, हे पिंप मला तिथे दिसलंच नाही.”

तिनं वर बघितलं. “म्हणजे बरोबर सांगितलं मी?”

“तिनं तेच सांगितलं असतं.”

भाऊ अजून टीव्हीजवळ उभे होते. “माझ्या बापाला खांबाशेजारी बसवलं बाईंनी,” ते म्हणाले. “मी तेव्हा नवरी, काही बोलता आलं नाय. आता त्यांना बोलता येणार नाय, तर आपण गोड बोलायचं? हे काय बरोबर नाय. डॉक्टर, ते चाळीस परत लावा. सगळे. पहिल्यापासनं.”

डॉक्टरांनी चष्मा घातला आणि पहिला फोटो लावला.

त्या दिवशी सोळा झाले. बाकीचे पुढच्या दोन बैठकांत. कललेला समुद्र पाच मिनिटांत गेला. विजेच्या खांबाची म्हातारीही गेली. ‘नको’मधले सगळेच गेले असं मात्र झालं नाही. जळालेल्या आकाशाच्या फोटोवर मुलीनं हट्ट धरला की खालच्या रांगेतल्या कोळणींचे चेहरे बघा, त्यासाठी आकाश सोडलं तरी चालेल. वाद झाला, बराच. शेवटी तो राहिला. बायकोनं तो नको का म्हटला होता हे मला माहीत होतं, पण मी बोललो नाही. तिथे तिच्यापेक्षा मुलीचं बरोबर असू शकतं, एवढं मला कळत होतं.

शेवटच्या बैठकीत एक फोटो लागला. आमच्या घराच्या ओटीवर मी वाचत बसलोय, पायांशी स्टीलचा पेला, दुपारचं ऊन अर्ध्या अंगावर. हा ‘ठेव’मध्ये होता. मी त्याच्याबद्दल कुणाला काही म्हटलं नव्हतं. पहिल्या निवडीत हा सगळ्यांनी एका आवाजात घेतला होता.

मिनिट झालं. सगळ्यांची नजर माझ्याकडे यायची आणि टीव्हीकडे परत जायची.

भाऊच बोलले. “सर, माफ करा. डोळा तुमच्यावर जातो आणि थांबतो, ते खरं. पण तो तुमच्यावर थांबतो कारण तुम्ही आहात. तुम्हाला ओळखणारा माणूस थांबेल. रस्त्यावरचा कुणी आला तर त्याच्यासाठी एक माणूस वाचतोय, बस. खालचा पेला अर्धा कापला गेलाय. उजेड चांगला आहे, पण तेवढाच. हा घरातला फोटो आहे.”

“उपाय?” डॉक्टरांनी विचारलं. पद्धत होती.

भाऊंनी बराच विचार केला. “उपाय नाय याला,” ते म्हणाले. “घरात ठेवायचा.”

माझं एक वाक्य होतं. मी तो फोटो परत बघितला. पेला कापला गेला होता. मी तो कितीतरी वेळा पाहिला होता आणि पेला कधी दिसला नव्हता. ‘ठेव’चा अर्थ तिथे प्रदर्शनात ठेव असा नव्हता, हे मलाच आधी कळायला हवं होतं.

मी म्हटलं, “काढा.”

डॉक्टरांनी यादीत रेघ मारली. मग भाऊ उठून खाली चहा सांगायला गेले. त्यांनी छान म्हटलं नव्हतं, तरी गेले.

प्रदर्शनात बावीस फोटो लागले. चाळीस ठरवले होते त्यातले एकवीस, आणि गडग्याचा. हॉलच्या दोन भिंती पुरल्या. तीन दिवस होतं. तिचे विद्यार्थी आले, काही मुंबईहून आले होते, काही आपल्या मुलांना घेऊन. एक बाई गडग्याच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, “सर, भारा कोण नेतंय?” मी म्हटलं, “दिसत नाही.” त्या म्हणाल्या, “हो, पण कोण आहे?” मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी लांब झाडाखाली स्कूटरवर बसून वाचत होतो. त्या क्षणी मी वर बघितलं असतं तर मला ती बाई दिसली असती.

तो प्रश्न मला बरेच दिवस पुरला. अकरा वर्षं मी तिच्याबरोबर गेलो आणि ती काय बघत होती ते मी बघितलं नाही. मी पुस्तक बघितलं. ह्याचं मला फार वाईट वाटतं असं म्हणता येणार नाही. तिला कधी त्याची तक्रार नव्हती, आणि कुणीतरी मागे हात धरून उभं राहिलेलं तिला चाललंही नसतं. पण प्रदर्शनानंतर मी संगणकावर पहिल्या वर्षाचं फोल्डर उघडलं आणि एकेक फोटो बघायला सुरुवात केली. ‘ठेव’, ‘बघू’, ‘नको’, तिन्ही. रोज दहा-बारा. जेवणाआधी.

आता असं आहे. बावीस फोटो शाळेत आहेत, वरच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात लावलेत. कॅमेरा जयगडच्या मुलीला दिला. गटाची बैठक एक रविवार आड होते, मी जातो आणि मला दिसलेला एक दोष उपायासकट सांगतो. डिस्कवर अकरा वर्षांचे फोटो आहेत. मी चौथ्या वर्षाच्या जुलैपर्यंत आलो आहे. पुढचे बघायचे राहिलेत.